फळी हललीच पाहिजे!

मंडळी, आधीच सांगून टाकतो, हे भांडण आहे. आणि घरातलंच आहे. त्यामुळे ज्यांना राग यायचा आहे त्यांनी पहिल्या परिच्छेदानंतर लगेच फोन उचलू नये, शेवटपर्यंत वाचावं आणि मग खुशाल उचलावा.

विषय तसा साधा. सांगलीच्या मामांचं गावभागातलं घर रिकामं होतंय. मामा-मामी विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार. जुन्या घरात सहाशेच्या आसपास सीडी आहेत. शास्त्रीय, नाट्यसंगीत, अभंग, थोडी भावगीतं. शिवाय नाटकांच्या डीव्हीडी आणि एक खोकं भरून कॅसेटी. नव्या फ्लॅटच्या इंटिरियरवाल्याने टीव्हीशेजारी सीडींसाठी एक छानसं "युनिट" काढलंय. त्याला शंभर खाचा, एका खाचेत एक सीडी. झालं! त्या शंभर खाचांवरून घरात ठराव पास झाला की शंभर सीडी ठेवायच्या आणि बाकीच्या रद्दीवाल्याला द्यायच्या. "आता सगळं मोबाईलवर मिळतं की!" हे पालुपद जोडीला आहेच.

म्हणजे बघा, एका माणसाने पंचवीस वर्षं पगारातून पैसे बाजूला काढून जमवलेलं काय राहील आणि काय जाईल, हे सनमायका लावलेल्या एका फळकुटाने ठरवलं. मामांना कुणी विचारलं नाही. ते काही बोलतही नाहीत, म्हणून मी बोलतोय.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, संग्रह रॅकच्या मापाने कापायचा नसतो, रॅकच्या फळ्या संग्रहाप्रमाणे वरखाली करता आल्या पाहिजेत. ज्या रॅकची फळी हलत नाही, तो सीडी सांभाळत नाही, एकेक करून हाकलतो.

सगळ्या सीडी एकाच मापाच्या असतात ही या खाचांमागची समजूत. तबकडी एकाच मापाची असते, हे खरं. १२० मिलिमीटर व्यास. पण ठेवायची असते ती डबी. नेहमीची प्लॅस्टिकची डबी १२५ मिमी उंच, १४२ मिमी खोल आणि जेमतेम १० मिमी जाड. बारीक डबी तिच्या निम्म्या जाडीची. दोन सीडींची जुनी जाड डबी २४ मिमीची. पुठ्ठ्याच्या घडीच्या डब्यांचं तर विचारूच नका, प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. डीव्हीडीची डबी १९० मिमी उंच. कॅसेट १०९ मिमी उंच आणि १७ मिमी जाड.

आता हे सगळं त्या खाचांमध्ये घालून दाखवा. बारीक डबी खुळखुळते आणि मागे पडते. पुठ्ठ्याची डबी आत ढकलताना कडा सोलवटते. दोन सीडींची डबी तर जातच नाही, आणि मामांकडे त्या जाड डब्यांतच सावकाश, तासभर रंगलेल्या मैफली आहेत! त्यातून एखादी नवी सीडी गायकाच्या नावाप्रमाणे मधे लावायची म्हटली की पुढच्या सगळ्या एकेक खाच सरकवत बसा. मग माणूस कंटाळतो, लावणं सोडून देतो आणि ढिगावर ढीग चढतो. मग कुणीतरी म्हणतंच, "किती पसारा झालाय, टाका आता."

ही गोष्ट पहिल्यांदा घडत नाहीये. सांगलीला खेटून मिरज आहे. अब्दुल करीम खाँसाहेब तिथे राहिले, १९३७ साली गेले. त्यांचा आवाज आपल्यापर्यंत आला तो ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून, एका बाजूला तीनेक मिनिटं. बालगंधर्वांचा जन्म १८८८ चा, सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याचा. त्यांचंही तेच. त्या तबकड्यांमधलं गाणं पुढे एलपीवर आलं, मग कॅसेटवर, मग सीडीवर. त्याच आवाजाने चार घरं बदलली आणि प्रत्येक घराचं माप वेगळं. आमच्या आजोबांनी रेकॉर्डींसाठी सागवानी कपाट करून घेतलं होतं, उभे, अरुंद, पक्के ठोकलेले कप्पे. कॅसेटी आल्यावर त्यात काही बसेना. आज त्यात मामी पापडाचे डबे उभे करून ठेवते. रेकॉर्डी कुठे गेल्या हे घरात कुणालाच सांगता येत नाही. कपाट उरलं आणि गाणं गेलं! त्या कपाटाच्या फळ्या हलत्या असत्या तर दोन्ही राहिलं असतं, असं मला ठामपणे वाटतं.

आता मोबाईलवाल्यांकडे वळतो. (माझी मामेबहीण इथे सरसावून बसली असणार.)

मोबाईलवर मिळतं, मान्य. मीही ऐकतो. पण मिळतं म्हणजे आज मिळतं. जुन्या एचएमव्हीचा ठेवा सारेगामाकडे आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत स्पॉटिफाय भारतात आलं आणि एप्रिलमध्ये सारेगामाची गाणी तिथून काढली गेली. ती परत आली २०२० मध्ये. २०२३ च्या मार्चमध्ये झी म्युझिकची गाणी तिथून उतरली. २०२४ मध्ये विंक म्युझिक हे ॲप बंदच झालं. दोन कंपन्यांचं पैशावरून बिनसलं की तुमच्या यादीतलं गाणं करडं पडतं, आणि तुम्हाला कुणी विचारत नाही. मामांच्या रॅकमधली भैरवी असल्या भांडणात कधी गायब झालेली नाही.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. डबीतली ती चार पानी पुस्तिका! तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मागे तंबोऱ्यावर कोण, मैफल कुठे आणि कोणत्या साली झाली. ऑडिओ सीडीवर बहुतेक वेळा ही नावं नसतातच, तिथे फक्त आवाज असतो. आपण सीडी कॉम्प्युटरवर चढवतो तेव्हा दिसणारी गाण्यांची नावं इंटरनेटवरच्या कुठल्यातरी यादीतून येतात, आणि त्या यादीत साथीदार सहसा नसतात. म्हणजे "सगळं कॉपी करून घेऊ आणि डब्या टाकू" यात टाकला जातो तो तबलजी. ज्या गावांनी इतकी वर्षं गाणाऱ्यांबरोबर साथ करणारे आणि वाद्यं घडवणारेही सांभाळले, तिथल्या घराने हे करावं?

वाद्यांवरून आठवलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सतार जवळून पाहिलीये का कधी? तिचे पडदे दांडीला चिकटवलेले नसतात, दोऱ्याने बांधलेले असतात. राग बदलला की काही पडदे वरखाली सरकवायचे. पडदे रोज कुणी सरकवत नाही, पण सरकवता आले नाहीत तर वाजवणाऱ्याची पंचाईत. आपल्याच शेजारच्या कारागिरांना पिढ्यान् पिढ्या कळलेली ही गोष्ट सीडीचा रॅक काढणाऱ्याला का कळू नये?

बरं, नुसता विरोध करून पळणाऱ्यातला मी नाही. साताऱ्याला माझ्या घरी आठ वर्षांपूर्वी सुताराकडून करून घेतलेला रॅक उभा आहे. त्याचीच मोठी आवृत्ती मामांसाठी काढली आहे. माप घ्या.

सहा फूट उंचीच्या तीन उभ्या बाजू, दोन-दोन फुटांवर. म्हणजे दोन फूट रुंदीचे दोन खण. खोली १६० मिमी, साधारण सव्वासहा इंच, त्यामुळे येण्याजाण्याच्या वाटेत असला तरी कुणाच्या कोपराला लागत नाही. सगळं १८ मिमीच्या प्लायमध्ये. उभ्या बाजूंना आतून, पुढे आणि मागे, वरपासून खालपर्यंत भोकांची रांग, दर ३२ मिमीवर एक. (मॉड्युलर किचनच्या कपाटांत हेच अंतर असतं.) भोकांत खुंट्या घालायच्या आणि खुंट्यांवर फळी नुसती ठेवायची.

आता गंमत बघा. पाच भोकं म्हणजे १६० मिमी. त्यातून फळीचे १८ गेले की १४२ उरले. सीडी १२५ ची. बोटं घालायला १७ मिमी, अगदी हवी तेवढी जागा. डीव्हीडीला सात भोकं, म्हणजे २२४ मधून १८ जाऊन २०६, आणि डबी १९० ची. पुन्हा १६ मिमी मोकळे. कॅसेटला चार भोकं मोजली तर उरतात ११० मिमी आणि डबी १०९ ची, बोट जायचं नाही. म्हणून तिलाही पाचच. हिशेब लक्षात ठेवायला सोपा, पाच आणि सात.

दोन फुटांच्या फळीवर ५८ सीडी मावतात. पण मी ४४ च धरतो, पाव फळी मोकळी. नवी आली तर शेजारच्यांना सरकवून बसवायची, पुढच्या फळ्यांना धक्का नाही. या हिशेबाने सहाशे सीडींना चौदा फळ्या. उरलेल्या उंचीत डीव्हीडींचे तीन कप्पे आणि शंभरेक कॅसेटींचे तीन. म्हणजे एकही वस्तू न टाकता सगळं चार फूट बाय सहा फुटांत! एवढी भिंत त्या फ्लॅटमध्ये आहे, मी टेप लावून मोजली आहे.

पाठ उघडी आणि भिंतीपासून इंचभर लांब, कारण आपल्याकडच्या पावसात भिंती ओल धरतात आणि ओलीने सीडीच्या आधी पुस्तिकेचा कागद जातो. रॅकवर थेट ऊन नको. वरच्या टोकाला दोन पट्ट्यांनी भिंतीला स्क्रू, म्हणजे नातवंडं लोंबकळली तरी पुढे येणार नाही.

आणि आता खास सांगलीसाठी. प्रत्येक फळीला पुढेमागे बोटभर उंचीची पट्टी आणि दोन टोकांना आडोसा. सीडीची डबी साधारण शंभर ग्रॅमची. ४४ सीडी म्हणजे साडेचार किलो, फळीचं वजन धरून सहाच्या आत. म्हणजे भरलेली फळी खुंट्यांवरून ताटासारखी उचलून जिन्याने वर नेता येते. २००५ चा पूर आठवा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ ची. २०२१ ला पुन्हा तेच. २०१९ ला मामांनी सीडी पोत्यांत भरून गच्चीवर नेल्या. शेवटचं पोतं खालीच राहिलं. तबकड्या धुऊन पुसून वाजल्या, पण पुस्तिका एकमेकींना चिकटून लगदा झाल्या. विश्रामबागला तसं पाणी येत नाही म्हणाल. ठीक आहे. पण घर बदलताना, रंग काढताना, वाळवी लागल्यावर? तेव्हाही वीसेक फळ्या उचलायच्या आणि त्याच क्रमाने परत लावायच्या, तासाभराचं काम.

आक्षेप येणार, ते आधीच घेतो. "हलत्या फळ्यांचा रॅक डुगडुगतो." डुगडुगतो, जर सगळ्याच फळ्या हलत्या ठेवल्या तर. प्रत्येक खणात वरची, खालची आणि एक मधली फळी स्क्रूने पक्की करायची, बाकीच्या मोकळ्या. "एकदा लावल्यावर कोण हलवतंय?" बरोबर, वर्षानुवर्षं कुणी हलवणार नाही. सतारीचं वर सांगितलंच. "आता सीडी लावायला यंत्र कुठे आहे?" लॅपटॉपला ड्राइव्ह राहिली नाही हे खरं, पण यूएसबीला जोडायची वेगळी ड्राइव्ह बाजारात मिळते. "दिसायला युनिटच छान." हो, रिकामं असताना फारच छान दिसतं.

आणि शेवटचा, न बोललेला आक्षेप मला ठाऊक आहे. मामांनंतर हे ऐकणार कोण? मंडळी, मामा अजून रोज संध्याकाळी ऐकतात. त्यांच्यानंतर कुणाला नको असेल तर तेव्हा त्याच फळ्या वर सरकवा आणि पुस्तकं लावा, मुलांचे कप लावा, पापडाचे डबे लावा. रॅक काही म्हणणार नाही. तोवर काय ठेवायचं आणि काय काढायचं हे मामांनी ठरवायचं.

तर इंटिरियरवाल्याला ते युनिट करू नकोस म्हणून आजच कळवा. प्लाय सोमवारी इथे साताऱ्यात कापला जाईल, पुढच्या रविवारी कराडमार्गे टेम्पोने सुटे भाग घेऊन येतो. जोडणीला दोन माणसं लागतात. मेहुण्यांनी हजर राहावं. आणि रद्दीवाल्याला तूर्तास फक्त वर्तमानपत्रं द्यावीत, ही विनंती.