तासावरच्या मॅडम

न्यायालयात द्यायच्या अर्जात 'व्यवसाय' नावाचा एक रकाना असतो. आमच्या कामात बहुतेक वेळा तिथे 'घरकाम' किंवा 'शेतमजुरी' लिहावं लागतं. 'घरकाम' लिहिताना आम्ही दर वेळी थोडं चरफडतो, कारण समोरचा वकील त्याचा अर्थ 'काही नाही' असाच लावतो. गेल्या वर्षी मात्र मला त्या रकान्यात 'प्राध्यापक' असं लिहायला मिळालं आणि मी ते मोठ्या हौसेने, ठळक अक्षरात लिहिलं. ती माझी चूक होती. या लेखाचं निमित्त तीच चूक आहे.

ती मूळची उंद्रीचीच मुलगी. चिखली-खामगाव रस्त्यावरचं हे गाव. सोयाबीन-कपाशीवर जगणारं. तिच्या वडिलांनी दोन एकर विकून तिला एम. एस्सी. कॉम्प्युटर केलं. लग्नानंतर ती सेट परीक्षा पास झाली. घरात छळ सुरू झाल्यावर मुलीला घेऊन माहेरी परतली आणि आमच्या केंद्रात आली. त्याआधी दोन वर्षं ती तालुक्याच्या एका महाविद्यालयात बी. सी. ए. च्या वर्गांना शिकवत होती, अजूनही शिकवते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आम्ही तिचा अर्ज केला, मुलीसाठी आणि तिच्यासाठी खर्च मागितला. पहिल्याच तारखेला नवऱ्याच्या वकिलांनी माझं ठळक अक्षर न्यायालयापुढे धरलं. बाई प्राध्यापक आहेत, प्राध्यापकांचा पगार सगळ्या जगाला माहीत आहे, मग यांना पोटगी कशाला?

प्राध्यापकाचा पगार जगाला माहीत आहे हे खरंच. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतनच ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं. भत्ते वेगळे. त्यासाठी लागणारी पात्रता म्हणजे पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट. ती हिच्याकडे आहे. नाही ती फक्त नेमणूक. ती 'तासावर' आहे.

तासावर म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात कुणी महाविद्यालयात शिकवत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही ते आधी नीट माहीत नव्हतं. शिकवलेल्या घड्याळी तासाचे पैसे. हिच्या बाबतीत व्याख्यानाला अडीचशे रुपये, प्रात्यक्षिकाला त्याच्या निम्मे. दिवाळीची सुटी, परीक्षा, मे महिना, कुणाच्या निधनामुळे मिळालेली सुटी, या सगळ्याचे पैसे नाहीत. घरी बसून तयार केलेली टिपणं, तपासलेल्या उत्तरपत्रिका, प्रयोगशाळेत बंद पडलेली सहा यंत्रं चालू करण्यात गेलेली दुपार, यातलं काहीच 'तास' नव्हे. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात तेव्हा तिला फोन येतो, पण तो गावोगाव फिरून मुलं आणण्यासाठी. नेमणूक ऑगस्टमध्ये होते, एप्रिलमध्ये संपते आणि पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. त्याच टेबलापुढे, त्याच माणसांपुढे. मुलाखतीत तिला विचारलं गेलं की मूल किती वर्षांचं आहे, नवरा कुठे असतो. प्रोग्रामिंगच्या भाषांबद्दल एकच प्रश्न होता.

२०२० साली सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात असं ठरवून दिलं की पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. आपल्या दृष्टीने हा फार चांगला निर्णय आहे, कारण नवरे उत्पन्न लपवतात. पण या प्रतिज्ञापत्रापुढे बसल्यावर आमची पंचाईत झाली. पगारपत्रक जोडा. ते नाही. नेमणूकपत्र जोडा. तेही नाही, मुलाखतीनंतर 'सोमवारपासून या' एवढंच सांगितलेलं. मासिक उत्पन्न लिहा. कुठल्या महिन्याचं? शेवटी तिची वही काढली. ही बाई हिशेबाची पक्की, प्रत्येक तास तारखेनिशी लिहिलेला. ऑगस्ट ६,५००, सप्टेंबर ११,०००, ऑक्टोबर ७,०००, नोव्हेंबर ४,५००, डिसेंबर शून्य. जानेवारीत १०,५००, फेब्रुवारीत ११,०००, मार्चमध्ये ९,५००, एप्रिलमध्ये ८,०००. मे, जून, जुलै शून्य. वर्षाचे ६८ हजार. बाराने भागले तर महिन्याला पावणेसहा हजारांच्याही आत, आणि त्यातला दुसऱ्या सत्राचा हप्ता अजून मिळायचाच होता. तिची आई शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "एवढी शिकली पोरगी, अन् हातात काय व मॅडम?"

नवऱ्याच्या घरी ती प्राध्यापक म्हणून खर्च मागायला अपात्र, आणि महाविद्यालयात ती प्राध्यापक नाही म्हणून पगाराला अपात्र. एकच शब्द दोन्हीकडून तिच्याच विरुद्ध वापरला जातो. हे पाहिल्यावर मी आसपासच्या महाविद्यालयांत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या जेवढ्या बायका भेटल्या तेवढ्यांशी बोलले. चिखली, खामगाव, बुलढाणा, मेहकर. मी आकडेवारीचा दावा करत नाही. पण एका मोठ्या स्टाफरूममध्ये गेलं की कुणी न सांगता कळतं. कायम प्राध्यापकांच्या खुर्च्यांवर बहुतेक पुरुष, आणि खिडकीजवळच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या तीन-चार तरुण बायका. त्या कॉम्प्युटरच्या मॅडम.

त्याच का? एका संस्थाचालकांनी मला याचं उत्तर फार सरळपणे दिलं. एम. एस्सी. किंवा एम. सी. ए. झालेला मुलगा इथे थांबत नाही. पुण्याला जातो, कंपनीत लागतो. मुलगी थांबते, कारण तिचं लग्न इथे झालेलं असतं. "आणि मॅडम, त्यांना काही घर चालवायचं नसतं. तेवढाच वेळ जातो, हातभार लागतो." त्यांना यात काही गैर वाटत नव्हतं. चहाही पाजला. मी तो चहा घेतला आणि बाहेर आल्यावर लक्षात आलं की या एका वाक्यावर जिल्ह्यातलं सगळं संगणक शिक्षण उभं आहे. बाईची कमाई ही वरकड कमाई. तिला पोसणारा दुसरा कुणीतरी आहेच. ज्या बाईला पोसणारा नाही, किंवा जो आहे तोच मारतो, तिचा विचार या दरात कुणी केलेलाच नाही.

संस्थाचालकांची बाजूही सांगायला हवी, कारण ती अगदीच खोटी नाही. आपल्या भागात शास्त्र-कला शाखांच्या जुन्या जागा अनुदानित आहेत, पण संगणकाचे अभ्यासक्रम नंतर आले आणि बहुतेक ठिकाणी 'स्वयंअर्थसहाय्यित' म्हणून आले. २००१ नंतर तर राज्याने नव्या महाविद्यालयांना 'कायम विनाअनुदानित' हाच रस्ता ठेवला. म्हणजे शिक्षकाचा पगार फीमधून काढायचा. फी बरीचशी शिष्यवृत्तीतून यायची, आणि ती रक्कम सरकारकडून उशिरा येते. हे सगळं मान्य. पण विजेचं बिल उशिरा भरलेलं चालत नाही, इमारतीचा ठेकेदार दोन सत्रं थांबत नाही. थांबते ती फक्त खिडकीजवळची मॅडम. २०२१ मध्ये सरकारने २,०८८ सहायक प्राध्यापकांच्या जागा भरायला मंजुरी दिली तेव्हा तिलाही आशा वाटली होती. पण त्या अनुदानित जागा होत्या. तिचा विषय त्या हिशेबातच नव्हता.

मला 'मानधन' या शब्दाचा राग येतो. तासावरच्या मॅडमला मिळतं ते मानधन. उंद्रीच्या अंगणवाडी सेविकेला मिळतं तेही मानधन. (मला स्वतःलाही प्रकल्प असेपर्यंत मानधनच मिळतं, हे इथे सांगून टाकते.) बाईच्या कामाला मान द्यायचा झाला की पगार द्यावा लागत नाही, असा काहीतरी हिशेब असावा. अंगणवाडी सेविका मात्र या शब्दाशी वर्षानुवर्षं भांडल्या, मोर्चे काढले, तुरुंगात बसल्या. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. सातवी-दहावी शिकलेल्या बायकांना जे जमलं ते एम. एस्सी., सेट झालेल्या बायकांना का जमत नाही, हा प्रश्न मी तिलाच विचारला. ती म्हणाली, "आम्ही कामगार आहोत हे आम्हाला कबूल कुठे आहे? आम्ही मॅडम आहोत."

हे मला फार खरं वाटलं. प्रतिष्ठेपोटी तोंड बंद राहतं. गावात 'प्राध्यापक आहे' म्हणून सांगितलेलं असतं, आता अडीचशे रुपये तास हे कुणाला सांगायचं? एस. टी. चं अर्धं तिकीट २०२३ पासून मिळतं म्हणून जाणं-येणं परवडतं, नाहीतर पहिल्या तासाचे पैसे प्रवासातच जायचे.

यंत्र आणि बायका यांची ही गोष्ट जुनी आहे. अमेरिकेत १९४६ साली एनिॲक नावाचा प्रचंड संगणक जगापुढे आला, त्याला काम कसं करायचं हे शिकवणाऱ्या सहा बायका होत्या. त्या काळी 'कॉम्प्युटर' हा शब्दच आकडेमोड करणाऱ्या माणसासाठी वापरत, आणि ती माणसं पुष्कळदा बायकाच असत. यंत्र बनवणाऱ्या पुरुषांची नावं झाली, या सहाजणींची ओळख व्हायला पुढे कित्येक दशकं गेली. काम कारकुनी मानलं जाई तोवर ते बायकांचं होतं. त्यात पैसा आणि मान आला तसे पुरुष आले. आपल्याकडे पैसा पुण्यातल्या कंपनीत आहे, म्हणून तिथे पुरुष जास्त. आणि तालुक्याच्या वर्गात पैसा नाही, म्हणून तिथे बायका.

आता त्या वर्गात कोण बसतं तेही पाहा. उंद्री, अमडापूरकडच्या मुलींना पुण्याला कोण पाठवणार? संध्याकाळच्या बसने घरी परत येता येतं म्हणून त्या बी. सी. ए. ला जातात. २०२४-२५ पासून राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगलंच केलं. पण फी माफ झालेल्या मुलीपुढे शिकवायला उभं कोण राहतं, याची चौकशी त्या निर्णयात नाही. एका वर्गातल्या मुलींनी मला सांगितलं की एका वर्षात एकाच विषयाला तीन मॅडम झाल्या. पहिलीला दिवस गेले, दुसरीला बँकेत नोकरी लागली, तिसरी परीक्षेच्या आधी आली. पहिलीचं काय झालं ते कुणी विचारलं नाही. कायद्याने बाळंतपणाची पगारी रजा २०१७ मध्ये २६ आठवड्यांची झाली, आणि कंत्राटी किंवा रोजंदारीवर आहे म्हणून बाईला ती नाकारता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या मजूर बायकांच्या खटल्यात २००० सालीच सांगितलं आहे. पण तासाच्या मॅडमला कुणी कामावरून काढत नाही. तिला फक्त तास दिले जात नाहीत. आपण जिजाऊंच्या जन्मामुळे स्वतःला मातृतीर्थ जिल्हा म्हणवून घेतो.

पैसे देणं अशक्य नाही हे सरकारी कागदच सांगतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ च्या जानेवारीत पाहुण्या व्याख्यात्यांसाठी व्याख्यानाला १,५०० रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० अशी रक्कम सुचवली. गुजरातमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना महिना तीस हजारांवर राबवलं जात होतं. २२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सहायक प्राध्यापकाची किमान वेतनश्रेणी द्यायला सांगितली आणि गुरूची स्तोत्रं गाऊन त्याला असं वागवण्याबद्दल चांगलंच सुनावलं. ती सरकारी महाविद्यालयं होती, आपल्याकडची खासगी संस्थांची आहेत, त्यामुळे तो निकाल इथे जसाच्या तसा लागू होत नाही. पण त्या तीस हजारांवर न्यायालयाला लाज वाटली, हे आपल्या पावणेसहा हजारवालीने लक्षात ठेवावं.

माझं म्हणणं थोडं आहे. मुलींच्या फीची भरपाई सरकार संस्थेला देतं, तर तो पैसा देताना एक कागद मागावा: हा अभ्यासक्रम शिकवायला कोण आहे, किती महिन्यांसाठी, किती पगारावर, आणि तो बँकेत जमा झाला का. नेमणूक जूनपासून मेपर्यंत बारा महिन्यांची आणि लेखी असावी. आणि आपल्या गटांनी, आजवर मोलकरणी, शेतमजूर, अंगणवाडी सेविका यांच्या बैठका घेतल्या तशी या मॅडमचीही घ्यावी. त्या लवकर येणार नाहीत, हे धरून चालावं.

तिचं प्रतिज्ञापत्र आम्ही दुसऱ्यांदा केलं. 'व्यवसाय' या रकान्यात आता 'महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अध्यापन' असं लिहिलं आहे, साध्या अक्षरात. मासिक उत्पन्नाच्या रकान्यात बारा ओळी मावेनात, म्हणून वेगळा कागद जोडला आणि वहीच्या प्रती. आमचे वकील म्हणाले, एवढं लांबड कशाला, सरासरी लिहा. ती ऐकेना. शून्याचे चार महिने तिने स्वतःच्या हाताने लिहिले. पुढची तारीख जूनमधली आहे. त्याच आठवड्यात मुलाखतीही आहेत.