औषध सीमेपलीकडे, आजार घरात

निपाणीचा माणूस कोल्हापूरला जातो, खानापूरचा गोव्यात उतरतो. साध्या तापासाठी नव्हे. लघवीला जळजळ, पू, गुप्तांगावर फोड असलं काही झालं की गावातला दवाखाना नको वाटतो. कंपाउंडर ओळखीचा, केसपेपर लिहिणारी भावकीतली. त्यामुळे लांब जाण्यात गैर काही नाही, इलाज तर होतो. घोळ होतो तो पुढे. तो औषध घेऊन परत येतो आणि बायकोची तपासणी राहूनच जाते.

गोनोरिया, क्लॅमिडिया बायकांमध्ये बऱ्याचदा लक्षणंच दाखवत नाहीत. नवरा बरा होतो, पुन्हा तिच्याकडून त्याला लागण होते. मग ‘गोळ्यांनी गुण आला नाही’ म्हणत बसस्थानकाच्या भिंतीवरचा ‘गुप्तरोग तज्ज्ञ’ गाठायचा. तिच्या गर्भनलिकांना इजा होऊन मूल राहिलं नाही, तर बोल पुन्हा तिलाच.

सिफिलिस, म्हणजे जुन्या लोकांची ‘गरमी’, याहून फसवा. फोड सहसा दुखत नाही, तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरतो. मलमानं गेला असं वाटतं, पण रोग अंगात राहतो आणि गरोदर बाईकडून पोटातल्या बाळाला होतो. वेळीच कळला तर बेंझाथिन पेनिसिलिनच्या २४ लाख युनिटचा एकच डोस पुरतो. म्हणून गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत ही रक्ततपासणी मागून घ्यावी.

लोकांची भीती उगाच नाही. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा यांना एचआयव्ही आढळला म्हणून दोन महिने कोंडून ठेवलं होतं, तेही कायद्यावर बोट ठेवून. आजचा कायदा उलटा आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी नाही आणि माहिती फोडायलाही बंदी. पण केसपेपरच्या रांगेत चार माणसांसमोर ‘काय होतंय?’ विचारलं, तर कायदा तिथंच संपतो. दर १ डिसेंबरला रॅली काढणाऱ्या आरोग्य खात्यानं आधी ही खिडकी बंद खोलीत न्यावी.

तोवर, जिल्हा रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये औषधं मोफत मिळतात, १०९७ वर फोन करून विचारताही येतं. सीमेपलीकडे गेलात तरी जोडीदाराच्या औषधाचं तिथंच विचारा. दोघांचा कोर्स संपेपर्यंत संबंध नकोत, नंतर कंडोम.