तिसऱ्या खायच्या की नाही, हे कोण सांगणार?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री साडेनऊला दवाखाना बंद करून निघालो, तोच खाडीपलीकडच्या वाडीतली एक बाई रिक्षातून आली. सोबत नवरा आणि सासू. "डॉक्टर, ओठ बधिर झालेत, जिभेला मुंग्या येतायत," ती सांगत होती. संध्याकाळी घरी तिसऱ्यांचे कालवण झाले होते. शिंपल्यांची अ‍ॅलर्जी पुष्कळांना असते, तसेच काही असेल असे समजून मी इंजेक्शन दिले. अर्ध्या तासात तिचे पाय लटपटू लागले, बोलणे जड झाले. तेव्हा मात्र मी तिला गाडीत घालून मोठ्या रुग्णालयात नेले. सुदैवाने श्वास थांबला नाही आणि दुसऱ्या दिवशी ती सावरली. उरलेल्या तिसऱ्या तपासून मिळतील का, म्हणून मी दोन-तीन ठिकाणी चौकशी केली. सगळीकडे एकच उत्तर : तशी सोय नाही. वाडीतल्या लोकांनी विचारले, "मग आम्ही तिसऱ्या खायच्या की नाही?" मी गप्प बसलो.

समुद्रात डोळ्यांना न दिसणाऱ्या काही वनस्पती असतात. त्यांपैकी मोजक्या जाती सॅक्सिटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. तिसऱ्या, कालवे पाणी गाळून आपले अन्न मिळवतात. त्यामुळे अशा वनस्पती पाण्यात माजल्या की विष त्यांच्या मांसात साठते. शिंपल्याला त्याचा फारसा त्रास होत नाही, खाणाऱ्याला होतो. हे विष आपल्या नसांतून जाणारे संदेश अडवते. आधी ओठ, जीभ, बोटे बधिर होतात, पुढे हातपाय लुळे पडतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. यावर उतारा नाही. कृत्रिम श्वास देत विष शरीराबाहेर जाण्याची वाट पाहणे एवढेच डॉक्टरच्या हातात असते.

हे दूरदेशीचे दुखणे नव्हे. १९८१ मध्ये तामिळनाडूत असे शिंपले खाऊन तिघे दगावले. १९८३ मध्ये आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, मंगळूरला, अशी विषबाधा झाली. १९९७ मध्ये केरळात विझिंजमला खडकावरचे शिंपले खाऊन सात जणांचा मृत्यू झाला आणि शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले.

आमच्या माताभगिनींचा समज असा, की नीट उकळले की सगळे मरते. जंतू मरतात, पण हे विष उकळल्याने नष्ट होत नाही. कोकम, लिंबू यांनीही काही होत नाही. चव बदलत नाही, वास येत नाही. पाणी लालसर दिसले तर सावध व्हावे हे खरे, पण दर वेळी पाण्याचा रंग बदलतोच असे नाही. म्हणजे डोळा, नाक आणि जीभ तिन्ही येथे निरुपयोगी. तपासणीशिवाय मार्ग नाही.

पूर्वी ही तपासणी उंदरावर होत असे. शिंपल्याचा अर्क टोचायचा आणि उंदीर किती मिनिटांत मरतो ते घड्याळ लावून पाहायचे. नंतर मोठी यंत्रे आली, पण ती महाग, आणि चालवायला शिकलेली माणसे लागतात. आता संशोधकांनी बायोसेन्सर तयार केले आहेत. नाव अवघड असले तरी वस्तू ओळखीची आहे. मधुमेही मंडळी बोटाला टोचून थेंबभर रक्तातली साखर पाहतात, ते छोटे यंत्र म्हणजे बायोसेन्सरच. त्याच्या पट्टीवर साखर ओळखणारे एन्झाइम असते. येथे विषाला नेमके पकडणारे प्रतिद्रव्य बसवतात. विष चिकटले की विजेत किंवा प्रकाशात सूक्ष्म बदल होतो आणि यंत्र तो आकडा दाखवते. एक किलो मांसात ८०० मायक्रोग्रामपेक्षा जास्त विष नको, अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे. ती ओलांडली का, हे थोड्या वेळात कळू शकते.

यात उणिवाही आहेत. सॅक्सिटॉक्सिनची भावंडे पन्नासहून अधिक, आणि एकच प्रतिद्रव्य सर्वांना सारखे पकडत नाही. म्हणून शंका आली की प्रयोगशाळेत खात्री करावीच लागेल. पण पहिली चाळणी म्हणून हे यंत्र फार मोलाचे ठरेल.

माझे म्हणणे एवढेच, की ही चाळणी परदेशी जाणाऱ्या मालापुरती राहू नये. ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या काढणारी बाई त्या बाजारातही विकते आणि मुलांच्या ताटातही वाढते. तिच्यासाठी बंदरावर, निदान तालुक्याच्या ठिकाणी, अशी तपासणी व्हायला हवी. विष आढळले तर ती खाडी काही आठवडे बंद ठेवावी आणि तेवढ्या दिवसांची भरपाई त्या बायकांना द्यावी. यंत्रामुळे धंदा बुडेल ही भीती खोटी आहे. एखादा बळी गेला, तर त्यानंतरच्या अफवा धंदा जास्त बुडवतील.

तोवर काळजी घ्या. पाण्याचा रंग बदलला असेल तर त्या भागातले शिंपले खाऊ नका. खाल्ल्यावर ओठ-जीभ बधिर झाली तर अ‍ॅलर्जी समजून घरी थांबू नका, कृत्रिम श्वासाची सोय असलेले रुग्णालय गाठा. आणि डॉक्टरांना "काय खाल्ले" हे आधी सांगा. त्या रात्री माझी अर्ध्या तासाची चूक निभावली. प्रत्येक वेळी निभावेलच असे नाही.