ओठाला लावण्याआधी वास घ्या

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या आईबापांना, आजी-आजोबांना, शाळेतल्या गुरुजी-बाईंना कळकळीची विनंती आहे. घरात फुंकून वाजवायच्या जेवढ्या वस्तू असतील तेवढ्या आज संध्याकाळी एकत्र करा. पत्र्याची शिट्टी असेल, जत्रेतली पिपाणी असेल, पाईप कापून केलेली बासरी असेल, ठिबकच्या नळीचा तुकडा असेल. दप्तरात बघा. दिवाणाखाली बघा. गोठ्यात बघा. मग एकेक वस्तू नाकापाशी न्या. रंगाचा, थिनरचा, जळक्या प्लॅस्टिकचा किंवा फवारणीच्या औषधाचा वास आला तर ती पोराला परत देऊ नका. लेकरू रडेल. रडू द्या.

घाई का, तेही सांगतो. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबारायांची पालखी देहूतून निघते आणि आठवड्याभरात उंडवडी गवळ्याचीला पोचते. तिथून बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर आणि नीरेकाठचं सराटी. या सगळ्या वाटेवर दुतर्फा खेळण्यांची पालं लागतात. वारी बघायला गेलेलं पोर पिपाणी घेतल्याशिवाय घरी येत नाही, आणि येऊही नये. त्या आनंदात कुणाला मोडता घालायचा नाही. पोराच्या ओठाला काय लागतंय हे बघणारं एक शहाणं माणूस त्याच्यासोबत असावं, एवढंच मागणं आहे. ते माणूस तुम्ही आहात.

पिपाणी हे इतर खेळण्यांसारखं खेळणं नाही. गाडी हातात राहते, बाहुली कडेवर राहते. पिपाणी तोंडात राहते, आणि तासन्‌तास राहते. पोर फुंकतं तेव्हा हवा नुसती बाहेर जात नाही. दोन फुंकरींच्या मधला श्वास तिथूनच, नळीच्या तोंडावरूनच आत ओढला जातो. श्वास गरम असतो, ओलसर असतो, त्यात लाळ मिसळते. आत जे काही चिकटलेलं असेल ते सुटतं आणि जिभेवर येतं. त्यातून लहान मूल अंगच्या वजनाच्या मानानं आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतं. आपल्याला ज्या वासानं नुसतं डोकं जड होतं, तोच वास त्याला जास्त बाधतो.

आता आपल्याच शिवारातली गोष्ट घ्या. नीरा डाव्या कालव्यापासून उजनीच्या फुगवट्यापर्यंत पाईपचा तुकडा पडलेला नाही असा बांध सापडायचा नाही. ऊस, द्राक्ष, डाळिंब, सगळं पाण्यावर, आणि पाणी पाईपवर. बांबूची बासरी विकत आणावी लागते, पाईप फुकट मिळतो. मोबाइलवर बघून पोरं चुलीत सळई तापवतात आणि पाईपला भोकं पाडतात. एकदा जवळ उभं राहून बघा. सळई टेकली की चर्र होतं. भोकाची कड आधी पिवळी पडते, मग तपकिरी, मग काळी. भोक सरळ पडावं म्हणून पोर अगदी खाली वाकलेलं असतं, आणि धूर नेमका त्याच्या तोंडावर येतो. नाक झोंबतं. डोळ्यांना पाणी येतं. ठसका लागतो. त्या धुरात हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ असते. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीनच असतं, आणि प्लॅस्टिक करपलं की ते ॲसिड होऊन बाहेर पडतं. घरात दम्याचं लेकरू असेल तर त्याची रात्र बसून काढायला एवढा धूर पुरतो.

तेव्हा सळई काढून घ्या. रागावू नका, समजावून सांगा. स्वतःच्या हातानं वाजतं वाद्य करावंसं वाटणं ही गुणी पोराची खूण आहे. त्याची हौस मारू नका, साहित्य तेवढं बदलून द्या. करपलेल्या पाईपची बासरी आधीच झाली असेल तर ती भंगारात द्या. चुलीत किंवा शेकोटीत मात्र टाकू नका, नाहीतर तोच धूर घरभर होईल.

काही पोरं तुकडे जोडायला पाईपचं सोल्युशन लावतात, तोंडाशी लांबी भरतात, वरून ऑइलपेंटचा हात मारतात. सोल्युशनचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास विरघळवणाऱ्या रसायनांचा असतो. बाहेरून ते मिनिटांत सुकल्यासारखं दिसतं, पण जोडाच्या आत अडकलेलं रसायन कितीतरी दिवस सुटत राहतं. पोर नेमकं त्याच जोडाला तोंड लावून बसतं. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, आणि आपण म्हणतो ऊन लागलं. असं झालं तर आधी हातातली बासरी बघा.

इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण इथेच भलेभले फसतात. वास आला तर वस्तू टाकून द्या. पण वास गेला म्हणून ती चांगली झाली असं समजू नका. एकतर नाक मरतं. रोज फवारणी करणाऱ्याला औषधाचा वास येईनासा होतो, रंगाऱ्याला थिनरचा येत नाही. म्हणून वास घ्यायचं काम घरातल्या अशा माणसाला सांगा, ज्याचा हात या वस्तूंना रोज लागत नाही. दुसरं याहून मोठं. यातलं सगळ्यांत वाईट विष वास देतच नाही. ते म्हणजे शिसं.

उन्हात वर्षानुवर्षं पडलेला जुना पीव्हीसी पाईप हातात घ्या. बोटाला खडूसारखी पांढरी भुकटी लागते. पाईप टिकावा म्हणून पूर्वी त्यात सर्रास शिशाचे क्षार घालत. केंद्र सरकारनं 2021 साली त्याविरुद्ध नियम काढले, पण त्याआधीचे पाईप आपल्या बांधावर अजून तसेच पडले आहेत. ही भुकटी पोराच्या हाताला लागते, हातावरून तोंडात जाते. रंगाचंही तेच. घरगुती रंगात 90 पीपीएमच्या वर शिसं असू नये असा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. पण ट्रॉलीला, औजारांना, यंत्रांना लावायचा रंग त्या नियमात येत नाही. ट्रॉली रंगवून उरलेला पिवळा किंवा शेंदरी रंग पोराच्या पिपाणीला कधीही लावू नका. झाळकामाच्या साध्या तारेतही शिसं असतं, तेव्हा पत्र्याची शिट्टी तोंडाकडच्या बाजूला झाळून दुरुस्त करू नका. जुनी शिट्टी कुणी आठवण म्हणून जपली असेल तर कपाटात राहू द्या, नातवाच्या तोंडात नको. पत्र्याच्या ज्या सहा भोकांच्या शिट्टीनं जगभर नाव काढलं, ती रॉबर्ट क्लार्क यांनी 1843 साली इंग्लंडमध्ये करायला घेतली तेव्हा तिच्या तोंडात लाकडाचा गट्टू होता. पुढे काही स्वस्त शिट्ट्यांत शिशाचा गट्टू बसवला गेला. लाखो मुलांनी तो ओठात धरला असेल, आणि कुणाला वास आला नसेल.

शिसं पोराचं काय करतं? लगेच काहीच दिसत नाही, आणि खरी भीती त्याचीच आहे. पोट दुखतं, भूक मंदावते, पोर चिडचिडं होतं, रक्त कमी होतं, अभ्यासात लक्ष लागत नाही. आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो. शिशाचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेलं शिसं लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं. युनिसेफच्या 2020 सालच्या अहवालाप्रमाणे जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात काळजी वाटावी इतकं शिसं आहे. ते पोरांच्या अंगात बॅटऱ्यांच्या भंगारातून जातं, रंगातून, भांड्यांतून, मसाल्यांतूनही जातं. सगळ्या वाटा आज तुमच्या हातात नाहीत. पिपाणीची वाट आहे. ती बंद करा.

म्हणून प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: ही आधी काय होती? उत्तर येत नसेल तर ती ओठाला लागू देऊ नका.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त ठिबकच्या नळीला विचारायचा. रानात गुंडाळून टाकलेल्या जुन्या नळ्यांचे तुकडे पोरं सहज तोंडात धरतात, त्यात फुंकतात, एकमेकांच्या कानाशी वाजवतात. त्या नळीतून नुसतं पाणी गेलेलं नसतं. त्यातून खत गेलेलं असतं, मुळाशी सोडायचं औषध गेलेलं असतं, चोंदलेली तोटी मोकळी करायला ॲसिड गेलेलं असतं. हे तुम्हीच सोडलेलं आहे, तुम्हाला माहीत आहे. पोराला माहीत नाही. आजच त्याला सांगा.

आणि औषधाचे रिकामे डबे. हात जोडून सांगतो, औषधाच्या डब्याच्या पत्र्यापासून, झाकणापासून, बाटलीच्या बुडापासून काहीही वाजवायचं करू देऊ नका. साबणानं दहादा धुतलं तरी नको. हे औषध पोटात गेलं तर काय होतं, ते बघा. 16 जुलै 2013 रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यात एका शाळेत दुपारचं जेवण खाऊन 23 मुलं गेली. जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस होतं, पिकावर फवारायचं औषध. तेल बरं दिसत नाही, वास वेगळा येतो, असं स्वयंपाकीण म्हणाली होती, असं तेव्हा बातम्यांत आलं. तरी जेवण वाढलं गेलं. आपल्याच राज्यात 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ती कष्टानं कमावलेल्या शरीराची मोठी माणसं होती. चार वर्षांच्या लेकराचा विचार करा. रिकामे डबे भोक पाडून, चेपून, कुलपात ठेवा. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं तुमच्याच फडाच्या कडेला खेळतात. त्यांच्या आईबापांना हे सांगायला कुणी नाही. तुम्ही सांगा. त्यांच्या कोपीजवळ पडलेला डबा तुम्हीच उचला.

मग पोरानं वाजवायचं काय? आपल्याकडे त्याला तोटा नाही. पिंपळाचं कोवळं पान धुऊन, गुंडाळून केलेली पिपाणी वाजवा. फवारणी झालेल्या रानालगतच्या झाडाचं पान तेवढं घेऊ नका. पान कुठलं हेही बघा. कण्हेरीचं पान, देठ, फांदी तोंडात जाता कामा नये. लाल असो, पिवळी असो, कण्हेर विषारीच, आणि रस्त्याच्या दुभाजकावर तीच लावलेली असते. पालखीच्या गर्दीत पोरगं दुभाजकावर बसून सहज पान खुडतं, तिथे लक्ष ठेवा.

हातानं करायचा ध्यास असेल तर त्याला वाळलेला बांबू आणून द्या. कोंदट वास येणारा, आतून बुरशीनं काळवंडलेला किंवा भुंगेरा लागू नये म्हणून पावडर टाकून ठेवलेला बांबू नको. भोकं हाताच्या ड्रिलनं पाडा आणि शेजारी मोठं माणूस असू द्या. कडा ओल्या पॉलिश पेपरनं घासा म्हणजे भुसा नाकात जात नाही. आतून खोबरेल तेलाचा हात द्या. टोक बंद करायला बुचाचा तुकडा पुरतो. व्हार्निश नको, रंग नको. सजवायचंच असेल तर खालच्या टोकाला रंगीत दोरा बांधा. पाईपपेक्षा सूरही गोड लागेल.

पालखीच्या वाटेवर बासऱ्या आणि पिपाण्या विकणाऱ्या भावांनो, बहिणींनो, तुमच्या पोटावर पाय द्यायला हे लिहिलेलं नाही. तुमचीही मुलं त्याच ढिगाऱ्याशेजारी झोपतात, त्यातलीच एखादी उचलून तोंडात घालतात. तोंडाकडची चार बोटं जागा रंगवू नका. ताजा रंग लावलेला माल पिशवीत कोंबून आणू नका, आठ दिवस वाऱ्यावर राहू द्या. जो माल कुठे झाला ते सांगता येत नाही तो ठेवूच नका. आणि घेणाऱ्यांनो, बिनरंगाच्या बांबूच्या पाव्याला दहा रुपये जास्त सांगितले तर घासाघीस करू नका. कारखान्यात झालेलं खेळणं घ्याल तर आयएसआय छाप बघा. 1 जानेवारी 2021 पासून तो सक्तीचा आहे.

गुरुजी, बाई, तुमचा शब्द घरात आमच्या शब्दापेक्षा जास्त चालतो. पालखी तालुक्यात शिरायच्या आधी एक दिवस परिपाठात दहा मिनिटं काढा. मुलांना आपापल्या शिट्ट्या, पिपाण्या घेऊन यायला सांगा. ज्याची टाकायची निघेल त्याला चारचौघांत लाजवू नका. शाळेतच बांबूचा एक पावा करून दाखवा.

आणि एवढं करूनही काही घडलंच तर ही कृती आत्ताच वाचून ठेवा. औषधाच्या नळीला किंवा डब्याला तोंड लावल्यावर पोराला लाळ गळायला लागली, दरदरून घाम फुटला, उलट्या झाल्या, पोटात मुरडा आला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, धाप लागली, तर घरगुती उपाय करत बसू नका. मिठाचं पाणी पाजू नका, मुद्दाम उलटी काढू नका. अंगावरचे कपडे उतरवा, हात-तोंड साबणानं धुवा, 108 ला फोन लावा. बारामतीत असाल तर सिल्व्हर ज्युबिली रुग्णालय, इंदापुरात असाल तर उपजिल्हा रुग्णालय गाठा. औषधाचा डबा किंवा त्यावरचा कागद बरोबर घ्या, कारण आत काय होतं हे कळलं तर डॉक्टरांना उपचार लवकर सुरू करता येतात. जुन्या पाईपच्या बासऱ्या किंवा रंगीत शिट्ट्या पोर महिनोन्‌महिने चोखत आलं असेल आणि वर शिशाची म्हणून सांगितलेली लक्षणं दिसत असतील, तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि रक्तातल्या शिशाची तपासणी करायची का, हे तुम्ही स्वतःहून विचारा.