लाळ तपासायची की रक्त?

डिसेंबर 2024 मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. बायका-पोरींचा जीव तर टांगणीलाच लागला. कुणी पाण्याला दोष दिला, कुणी शाम्पूला. आयसीएमआरच्या पथकाने रक्त, लघवी, केसांचे नमुने नेले. पुढे 2025 मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासणीत सेलेनियम जास्त आढळल्याचे सांगितले. मला यातून एकच समजलं. आधी प्रश्न नीट मांडायचा, मग कशाचा नमुना द्यायचा ते ठरतं.

हे आज सांगायचं कारण म्हणजे लाळेतून हार्मोन तपासून देणाऱ्या जाहिराती. केस गळताहेत, पाळी पुढेमागे होतेय, वजन वाढतंय? घरबसल्या लाळ द्या म्हणे! सुई नको, दवाखाना नको. मैत्रिणी मला विचारतात, ‘‘करून घेऊ का गं?’’

लाळेची तपासणी खोटी नाही. कॉर्टिसोल हे हार्मोन सकाळी जास्त आणि मध्यरात्री अगदी कमी असतं. ते रात्रीही उतरत नसेल, तर कुशिंग नावाच्या आजाराची शंका येते. अशा वेळी रात्री अकरा-बाराला घरीच कापसाचा बोळा चघळून नमुना देता येतो. पण मिश्रीने हिरड्यांतून रक्त येत असेल, तर तो नमुना बिघडतो.

आपल्या नेहमीच्या तक्रारींचं मात्र तसं नाही. थायरॉइडसाठी रक्तातली टीएसएच तपासणीच भरवशाची. पंचेचाळिशीनंतर बारा महिने पाळी आली नाही, तर रजोनिवृत्ती ओळखायला सहसा हार्मोन तपासावेच लागत नाहीत. ते रोज वर-खाली होतात, एका दिवसाच्या लाळेवरून काय ठरवणार? आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा, त्यामुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो.

स्वस्त म्हणाल, तर सर्वांत स्वस्त हार्मोन तपासणी आशाताईंकडेच आहे. गरोदरपण ओळखण्याची ‘निश्चय’ पट्टी लघवीतलं हार्मोनच तर शोधते! शिवाय 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार आणि तपासण्या मोफत केल्या आहेत. बुलढाण्याचं जिल्हा रुग्णालय असो की खामगावचं सामान्य रुग्णालय, आधी डॉक्टरांना दाखवा आणि ‘‘थायरॉइडची तपासणी लागेल का?’’ असं स्पष्ट विचारा.

घरात सगळ्यांचं औषधपाणी झालं की उरलेल्या पैशांत बाईचा नंबर लागतो. तो पैसा जाहिरातीतल्या डबीवर घालवू नका. तीन महिन्यांच्या पाळीच्या तारखा एका कागदावर लिहून न्या. डॉक्टरांना त्या कागदाचा फार उपयोग होतो, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.