पाठीवरचं बिऱ्हाड

दरोडा पडून गेलेला आहे. मांसाच्या कारखान्यातली पगाराची रक्कम हाती आली, पण गोळ्या झाडाव्या लागल्या आणि आता पोलीस एका जोडप्याच्या मागावर आहेत. म्हणून बार्ट आणि लॉरीचं ठरलंय, काही महिने वेगवेगळं राहायचं. दोन गाड्या तयार ठेवल्यात. दोघं निरोप घेतात, एक गाडी या दिशेला निघते, दुसरी त्या. जरा अंतर जातं न जातं तोच दोघंही गाड्या गरकन वळवतात, परत येतात आणि भर रस्त्यात एकमेकांना मिठी मारतात. आता हे वाचणार नाहीत, हे आपल्याला तिथेच कळतं. तरीही बरं वाटतं, की परतले.

जोसेफ एच. लुईस यांचा ‘गन क्रेझी’ हा अमेरिकी चित्रपट १९५० सालचा. फरार जोडप्यांचे गुन्हेपट मी इतक्या आवडीने का बघतो, याचं उत्तर मला या प्रसंगात मिळतं. याच चित्रपटात बँकेवरचा एक दरोडा आहे. कॅमेरा गाडीच्या मागच्या सीटवर बसलेला, एकही कट नाही. बार्ट बँकेत जातो, पण आपल्याला आत नेलंच जात नाही. आपण लॉरीसोबत बाहेर थांबतो. तेवढ्यात पोलीस येऊन उभा राहतो आणि ती त्याला बोलण्यात गुंतवते. पैसे किती मिळाले याची उत्सुकता उरतच नाही. तो सुखरूप बाहेर येतो का, एवढाच घोर लागतो. घरी वाट बघणाऱ्या माणसाला लागतो तोच.

या गोष्टी मुळात संसाराच्या आहेत, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक प्रेमकथा लग्नापाशी येऊन थांबतात, यांची गोष्ट तिथून पुढे सुरू होते. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं यांचं गाडीत. आज खायचं काय, पेट्रोलला पैसे आहेत का, रात्री कोणी झोपायचं आणि कोणी जागायचं, हे सगळे प्रश्न घरातलेच. फक्त आधाराला नातेवाईक नाहीत, शेजार नाही, पत नाही. दोन माणसं एकमेकांना किती पुरतात, याची अशी परीक्षा दुसऱ्या कुठल्या कथाप्रकारात होत नाही. म्हणूनच तो चित्रपट मळका, रखरखीत असावा लागतो. धूळ, भूक आणि थकवा दाखवला नाही, तर उरते ती नुसती सहल.

आर्थर पेन यांच्या ‘बॉनी अँड क्लाइड’मध्ये (१९६७) ही धूळ आहे आणि तिचं कारणही आहे. काळ महामंदीचा. बँकेने घर काढून घेतलेला एक शेतकरी शेवटचं बघून जायला येतो. क्लाइड त्याच्या हातात पिस्तूल देतो आणि तो बँकेच्या पाटीवर गोळ्या झाडतो. जप्ती म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. पण पेन तिथेच थांबत नाहीत. पुढे एका दरोड्याच्या वेळी यांचा पोरगेला साथीदार पळून जाण्यासाठीची गाडी नीट पार्क करून ठेवतो आणि ती बाहेर काढताना तारांबळ उडते. आपण हसत असतो. तेवढ्यात बँकेतला एक माणूस धावत येऊन गाडीच्या पायरीवर चढतो आणि क्लाइड खिडकीतून त्याच्या तोंडावर गोळी घालतो. ते हसणं आपल्याच अंगावर येतं.

अखेरीकडे बॉनी विचारते, सगळं पुसून नव्याने सुरुवात करता आली तर तू काय करशील? क्लाइड विचार करून सांगतो, राहायचं एका राज्यात आणि दरोडे घालायचे दुसऱ्या. तिने घर मागितलं होतं आणि त्याला ते कळलंच नाही. तिच्या चेहऱ्यावर उमटलेली निराशा कुठल्याही गोळीबारापेक्षा जास्त लागते.

खरे बॉनी पार्कर आणि क्लाइड बॅरो यांचं आयुष्य पडद्यापेक्षा कितीतरी खडतर होतं. १९३३च्या एप्रिलमध्ये मिसूरीतल्या जॉप्लिनच्या अड्ड्यावर पोलिसांना त्यांच्या फोटोंचे रोल सापडले. तोंडात सिगार धरलेली बॉनी वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचली आणि दंतकथा सुरू झाली. त्याच जूनमध्ये गाडीला अपघात होऊन तिचा पाय भयंकर भाजला. त्यानंतर तिला नीट चालता येईना, क्लाइड तिला उचलून नेई. हा फोटो कोणी काढला नाही. २३ मे १९३४ रोजी लुइझियानातल्या एका रस्त्यावर पोलिसांनी दबा धरून दोघांना मारलं. ती २३ वर्षांची होती, तो २५. तिच्या आईने दोघांना शेजारी पुरू दिलं नाही.

पण त्याआधी सात आठवडे, १ एप्रिलला, टेक्सासमधल्या ग्रेपवाइनजवळ या टोळीने गस्तीवरच्या दोन पोलिसांना ठार केलं होतं. त्यातल्या मर्फी नावाच्या तरुणाचं लग्न तोंडावर आलं होतं. त्याची वाग्दत्त वधू लग्नासाठी शिवलेला पोशाख घालून त्याच्या अंत्यविधीला आली. बॅरो टोळीची गोष्ट सांगताना हा मोडलेला संसार वगळला, तर ती गोष्ट अर्धीच राहते.

आपल्याकडे नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) पळणाऱ्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी जात ओलांडून प्रेम केलं. उत्तरार्ध लांबला अशी तक्रार तेव्हा अनेकांनी केली होती. मला तोच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. बुलेट चालवणारी पाटलांची आर्ची हैदराबादच्या झोपडीत येते. तिला स्वयंपाक येत नाही, वस्तीतला वास सहन होत नाही. परश्या संशय घेतो, हातही उचलतो. ती निघून जाते आणि परत येते. बार्ट-लॉरीसारखीच परत येते, फक्त मधे पासष्टहून अधिक वर्षं आणि एक समुद्र आहे. मग नोकरी, मूल, जमेल तशी बचत. तासभर आपण हे घर उभं राहताना बघितलेलं असतं. त्यामुळेच माहेरून भेटवस्तू घेऊन आलेल्यांना ती चहा करून देते, तेव्हा पोटात गोळा येतो. इथे दरोडेखोर पळणारे नाहीत, पाठलाग करणारे आहेत.

हिंसेचं उदात्तीकरण करतात म्हणून असे चित्रपट बघूच नयेत, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. माणसाला माणूस किती लागतो, हे इतक्या उघडपणे सांगणारे चित्रपट फार थोडे आहेत. पण ते बघताना दोन्ही घरांकडे लक्ष ठेवा. पळणाऱ्यांना हवं असलेलं एक, आणि त्यांच्या बंदुकीने उद्ध्वस्त झालेलं दुसरं. जो दिग्दर्शक यातलं एकच दाखवतो, त्याच्या चित्रपटाला थरारपट जरूर म्हणा, चांगला म्हणू नका.