किल्ल्यावर अपशिंग्याचा शिपाई कुठंय?

दिवाळी जवळ आली की साताऱ्या-सांगलीत पोरं माती कालवायला लागतात. दगड, पोती, वर चिखलाचा गिलावा, त्यात पेरलेले अळीव. मग मावळे. मावळे कमी पडले की प्लॅस्टिकचे हिरवे सैनिक, अमेरिकन हेल्मेटवाले. ते महाराजांच्या बुरुजावर खुशाल पहारा देतात, कुणाची हरकत नसते. पण पहिल्या महायुद्धातला आपल्याच जिल्ह्यातला शिपाई ठेवू म्हटलं, की लगेच "तो इंग्रजांचा नोकर, त्याचं इथं काय काम?"

माझं भांडण या प्रश्नाशी आहे.

युरोपात छोटे सैनिक जमवून, टेबलावर नकाशा मांडून, फासे टाकत लढाया खेळणारी मोठी माणसं आहेत. बेल्जियम तो केवढा! पण त्याची १९१४ ची फौज बोटाच्या पेराएवढ्या आकारात विकत मिळते. त्या फौजेत मशिनगनचे गाडे कुत्रे ओढायचे. तर ती कुत्रीसुद्धा मिळतात, जुंपलेली! आणि साताऱ्याजवळचं अपशिंगे, ज्याच्या नावालाच 'मिलिटरी' चिकटलंय, पहिल्या महायुद्धात ज्या एका गावाचे ४६ जवान गेले, त्यातला एक शिपाई आपल्या दिवाळीच्या बाजारात दाखवा.

आता 'इंग्रजांचा नोकर'. होय, पगार इंग्रजांचा होता. माण-खटावच्या कोरडवाहू रानात पोट भरत नव्हतं म्हणूनही कितीतरी जण भरती झाले. आणि हो, पत्री सरकारही याच मातीतलं. १९४३ साली आजच्या सांगलीतली कितीतरी गावं काय, अपशिंगे काय, जिल्हा एकच होता, सातारा. (दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ ला, त्याचं सांगली नाव पडलं १९६० ला.) एकीकडे नाना पाटलांची माणसं इंग्रजांचं राज्य मोडत होती, त्याच वर्षांत मराठा पलटणी इटलीत लढत होत्या. दोन्ही खरं आहे. पोरांना दोन्ही कळू द्या की. ती आपल्याला वाटतात तेवढी बावळट नसतात.

राहिला युद्धाचं कौतुक होईल हा आक्षेप. त्यांनी कूत-अल-अमाराचा वेढा टेबलावर मांडून बघावा. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. आत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकलेल्या. फासा कितीही चांगला पडू दे, प्रत्येक डावाला शिधा घटतो. शेवटी घोड्याचं मांस. ते धर्मामुळे कित्येक हिंदी शिपायांनी बरेच दिवस नाकारलं. शरण आल्यावर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं, वाटेत माणसं मेली. बगदाद घ्यायची हाव साहेबांची, उपाशी कोण राहिलं? हा खेळ खेळलेलं पोरगं हा प्रश्न विचारणारच. नुसत्या 'शौर्य, शौर्य' करणाऱ्या भाषणांतून तो कधी आलाय का?

तेव्हा किल्ले स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना सरळ सांगणं: महाराजांच्या किल्ल्याला हात लावू नका, शेजारी हातभर जागा द्या. तिथं मेसोपोटेमिया मांडू द्या. वाळू, नदीचा बाक, आणि पुठ्ठ्यावर गावाचं नाव. परीक्षकांनी त्याला वेगळे गुण ठेवावेत. मावळे करणाऱ्या कारागिरांनी निदान एक साचा काढावा. डोक्याला फेटा, खाकी कपडे, पायाला गुंडाळलेल्या पट्ट्या, खांद्यावर ली-एन्फिल्ड रायफल. मिशी असू द्या. पहिले ४६ मी घेतो, रोख.